पेडलपर्यंत पाय

विमान धावपट्टीवरून सुसाट निघालं होतं आणि आत कोणीच नव्हतं. डाव्या खिडकीत क्षणापूर्वी एक डोकं होतं, केसांची घट्ट वेणी होती, कानावर हेडफोन होते. मी पापणी लववली आणि खिडकी रिकामी झाली. काचेतून पलीकडचं आभाळ आरपार दिसलं. विमानाचा आवाज मात्र तसाच, पूर्ण जोराचा. लोक मला विचारतात, तुम्ही तेव्हा काय केलं? काय करणार, कपाळ?  

पण त्या रिकाम्या खिडकीचा अर्थ कळायला आधी रंजीता उसेंडी कोण ते कळायला हवं, आणि रंजीताची गोष्ट तिच्या पायांपासूनच सुरू होते.

मी निशा, वरोऱ्याची. विमान चालवायला शिकवते. चंद्रपूरहून गोंडपिपरीला जाणाऱ्या रस्त्याला एका बंद पडलेल्या कारखान्याची धावपट्टी आहे. कारखान्याची यंत्रं भंगारात गेली, धावपट्टी कोणाला उचलून नेता आली नाही म्हणून उरली. तिथे आमचं केंद्र चालतं. दोन लहान विमानं, पत्र्याची मोठी शेड, गुणवंतराव नावाचे मेकॅनिक आणि रानडुकरं. रानडुकरांना धावपट्टी फार आवडते. मी रागीट आहे असं शिकायला येणारी मुलं म्हणतात, आणि त्या बाबतीत ती खरं बोलतात.

रंजीता आली ती सरकारी योजनेतून निवड होऊन. धानोऱ्याच्या पुढे, जंगलात आत तिचं गाव. घरी थोडं धान, बाकी मोह, तेंदूपत्ता, हिरडा. बारावीला गणितात तिनं तालुक्यातल्या सगळ्यांना मागे टाकलं होतं. कागदावर सगळं झकास. मी तिला विमानाच्या डाव्या सीटवर बसवलं, वाकून खाली पाहिलं आणि थक्क झाले. तिचे बूट पेडलच्या वीतभर अलीकडे हवेत लोंबत होते. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरीसारखे.

"मॅडम, पोचत नाई," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

विमानाचे पेडल म्हणजे मोटारीचे ब्रेक-क्लच नव्हेत. पायाशी दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीचं उभं पान वळतं आणि जमिनीवर असताना पुढचं चाकही वळतं. वरच्या अर्ध्या भागावर बोटं दाबली की ब्रेक लागतात. उड्डाणाला पूर्ण जोर दिला की विमान आपणहून डावीकडे ओढ घेतं, आणि ते सरळ ठेवायचं तर उजवा पाय दाबून धरावा लागतो. ज्याचा पाय पोचत नाही, त्याच्या हातात विमान नाही. इतकं साधं आहे ते.

पेडल काही पुढे-मागे होत नव्हते. सीट होत होती. विमानाच्या तळाला, सीटखाली दोन लोखंडी पट्ट्या असतात, पट्ट्यांना ओळीनं भोकं. सीटखालचा दांडा उचलला की खिळा वर येतो आणि सीट सरकते. दांडा सोडला की स्प्रिंगच्या जोरानं खिळा भोकात बसतो आणि सीट जागेवर पक्की होते. मी रंजीताची सीट अगदी पुढच्या भोकापर्यंत नेली. आता बुटांची टोकं टेकली, पण ती इतकी खाली बसली होती की समोरच्या काचेतून तिला धावपट्टी दिसेना. वर उचलावं तर पाय सुटत. पाय पोचले की डोळे पोचत नव्हते, आणि डोळे पोचले की पाय.

मी केंद्राच्या प्रमुखांना सरळ सांगितलं की या मुलीला जमायचं नाही. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सगळं हाताला-पायाला पोचलं तर ठेवू, नाही तर परत पाठवू. मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला येत नाही.  संध्याकाळी ती शेडच्या मागे उभं राहून आईशी फोनवर गोंडीत बोलली. तिकडे रेंज कमी, त्यामुळे गोंडीत ओरडलीच म्हणा ना.

चार दिवसांनी धानोऱ्याच्या बसनं एक गाठोडं आलं. आत उशी. जुन्या लुगड्याचा अभ्रा, आणि भरलेला काटेसावरीचा कापूस. आईनं झाडाखाली पडलेली बोंडं वेचून, सरकी काढून, रात्रीतून शिवली होती. रंजीता त्या उशीवर बसली आणि काय सांगू, अशी ऐटदार दिसली की गुणवंतरावांनी सलामच ठोकला. पाय पोचत होते, डोळे पोचत होते. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. आम्ही उडालो. गोंडपिपरीपर्यंत गेलो, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं दाखवली, वैनगंगेचं पाणी दाखवलं. परतताना ती सारखी विमानाचं नाक खाली दाबायला लागली.

"अगं दाबतेस काऊन?" मी खेकसले. शिकवताना मी पुस्तकी बोलते, चिडले की वरोऱ्याची होते.

"नाक वर जाऊन राह्यलं, मॅडम. मले नुसतं आभाळ दिसते."

नाक जागेवरच होतं. खाली चालली होती रंजीता. सावरीचा कापूस तिच्या वजनानं हळूहळू बसत होता आणि ती त्याच्यासोबत खाली, मागे. मी विमान हातात घेतलं, उतरवलं, आणि उशी शेडमध्ये भिरकावली. पुढे गुणवंतराव दुपारी तिच्यावर डोकं ठेवून झोपत. फार सुखाची उशी होती, विमानासाठी मात्र नव्हती.

मग मीच तिला स्कूटरवर बसवून वरोऱ्याला नेलं, माझ्या ओळखीच्या सीटकव्हरवाल्याकडे. टॅक्सी-ट्रॅक्टरच्या सीटा करतो तो. त्याच्याकडून दगडासारखा कडक फोम कापून घेतला. एक तुकडा बसायला, एक उतरता तुकडा पाठीला, आणि दोन्ही सीटला घट्ट बांधायला पट्टे. दुकानात पालथ्या क्रेटवर तिचे पाय ठेवून मी तिला पुन्हा पुन्हा बसवलं. टाच जमिनीला हवी. पंजा पेडलवर हवा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्याला थोडा वाक उरला पाहिजे. पाय ताठ झाला तर समजायचं, बसणं चुकलंय. तो दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवरीचं मापबी लोक इतक्यांदा नाई घेत."

त्याच दिवशी मला तिच्या बुटात दुमडलेला पुठ्ठा सापडला. आठवडाभर ती उंची वाढवायला टाचेखाली पुठ्ठा घालून हिंडत होती आणि टाचा सोलवटून घेतल्या होत्या. मी तिला रस्त्यात उभं करून झापलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "घरी नाई जाणार मी." एवढंच. ती मुलगी जास्त बोलत नाही, पण बोलली की तिथून हलत नाही.

आणि ती राहिली. महिनाअखेरीला प्रमुखांनी स्वतः वाकून तिचे पाय पाहिले आणि मान हलवली. त्यानंतर रोज विमानात बसलं की आमचा एकच पाठ. डावा पूर्ण, उजवा पूर्ण, दोन्ही ब्रेक. मग अंग टाकून सीट पुढे-मागे हलवायची, खिळा बसलाय का बघायचं. ती इतका जीव खाऊन हलवायची की अख्खं विमान डुलायचं. गुणवंतराव म्हणत, "बाई, विमान उपटून नेता का घरी?" ती हसायची आणि पुन्हा एकदा हलवायची. पावसाळा संपला, धान पिवळं पडायला लागलं, आणि मी प्रमुखांना सांगितलं की ही आता एकटी उडेल.

पहिलं एकटीचं उड्डाण. शिकवणारा खाली उतरतो आणि शिकणारा विमान घेऊन एक फेरी मारून परत येतो. बस्स, एवढंच असतं, पण त्या एका फेरीनं माणूस बदलतो. रंजीतानं आईला बोलावलं.

तिची आई मंगलीबाई सकाळी यायची होती. गावातून जीप, धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून चंद्रपूर, मग आमच्या फाट्यापर्यंत मिळेल ते. सकाळ गेली तरी पत्ता नाही. मी रंजीतासोबत दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही स्वच्छ. विमान शेडपुढे थांबवून बंद केलं, कारण धावपट्टीच्या टोकाला डुकरांचा कळप आला होता आणि तो हाकलेपर्यंत उड्डाण शक्य नव्हतं. रंजीतानं उतरायला सीट मागे सरकवली. पुढे असलेल्या सीटमधून तिलाही उतरता येत नसे. तेवढ्यात फाटकातून एक ठेंगणी बाई आली. लेक आईवर गेली होती, उंचीनंसुद्धा. रंजीता पळत जाऊन तिला बिलगली.

मला ऑफिसात फोन आला म्हणून मी आत गेले. हवामानाचा फोन होता, घ्यावाच लागतो. परत आले तेव्हा रंजीता सीटवर बसत होती, मंगलीबाई दारापासून मागे सरत होती आणि दोघींचे डोळे ओले होते. रंजीताच्या कपाळावर हळदीत भिजवलेल्या तांदळाचा टिका होता. तिकडची रीत आहे ती. गावच्या पेनापुढे, म्हणजे त्यांच्या देवापुढे ठेवलेले तांदूळ हळदीच्या पाण्यात भिजवायचे आणि जाणाऱ्या माणसाच्या कपाळावर लावायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाला वाटेल? पोरगी पहिल्यांदा एकटी आभाळात चालली होती.

रंजीतानं सीट पुढे घेतली. डावा पूर्ण, उजवा पूर्ण, दोन्ही ब्रेक. मी बाहेरून पाहत होते. तिनं अंग टाकून सीट हलवली, विमान डुललं, सीट हलली नाही. मी अंगठा दाखवला. डुकरं गेली होती. वारा समोरून होता. मी हातात छोटा रेडिओ घेऊन मंगलीबाईच्या शेजारी उभी राहिले.

"किती वेळ लागंल, बाई?" तिनं विचारलं.

"चहा होतो तितका."

विमानानं पूर्ण जोर घेतला. धावपट्टीचा पाव भाग गेला असेल, आणि खिडकीतलं डोकं झटक्यात मागे गेलं. मागे गेलं आणि मग दिसेनासंच झालं. विमान डावीकडे वळायला लागलं.

मी रेडिओत ओरडले, "पॉवर बंद कर, रंजीता, पॉवर!" उत्तर नाही. विमान पट्टी सोडून गवताकडे निघालं. त्याच्या पुढे पाण्याचा खोल नाला आहे.  विमान शिकवणारी मी, इतकी वर्षं तोंड चालवणारी मी, आणि मी नुसती बघत होते. शेजारून मंगलीबाई म्हणाली, अगदी हळू, "माही पोरगी कुठी गेली?"

मग आवाज एकदम मेला. इंजिन पूर्ण जोरावरून सुस्त झालं. विमान कमरेएवढ्या गवतात शिरलं, हिसका बसून एका बाजूला कललं आणि थांबलं. नाल्याच्या अलीकडे. नाकावरचा पंखा अजून फिरत होता.

आम्ही दोघी धावलो. मंगलीबाई माझ्यापुढे निघाली, आणि ती सरळ विमानाच्या तोंडाकडे चालली होती. फिरता पंखा नजरेला दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. तिनं कुठून पाहिलं असणार पंखा? मी झेप घेऊन तिचा पदर धरला, ओढलं, दोघीही गवतात पडलो. तिनं माझ्या हाताला चावा घेतला. त्याची खूण आठवडाभर होती. आत कोणीतरी किल्ली फिरवली आणि पंखा थांबला.

मी दार उघडलं. रंजीता खाली, विमानाच्या जमिनीवर बसली होती. पाठ सीटला नाही, सीट तर पार मागे, शेवटच्या टोकाला जाऊन आदळली होती. दोन्ही पाय पेडलवर ताठ रोवलेले. एक हात डोक्याच्या वर, पॉवरच्या काळ्या मुठीवर. खांद्याचा पट्टा मानेत रुतून लाल वळ उठला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "सीट गेली."

काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. सीट मागे घरंगळली तेव्हा पायाखालून पेडल गेले, हाताखालून सगळं गेलं. हातात फक्त समोरचा, नाक वर-खाली करायचा दांडा होता. माणूस पडायला लागला की हातातलं घट्ट धरतो. तो दांडा धरून ती मागे ओढली गेली असती तर विमान नाक वर करून उठलं असतं आणि तिथेच उलटं पडलं असतं. तिनं दांडा सोडून दिला. मग पट्ट्याखालून घसरत ती जमिनीवर उतरली, कारण तिथून तिचे पाय पोचणार होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं. चाचपून पॉवरची मूठ शोधली, जोर तोडायला ती ओढली आणि ब्रेक दाबून धरले. "दिसत नव्हतं तर भीती नाही वाटली?" मी विचारलं. ती म्हणाली, "दिसत नव्हतं म्हणूनच नाई वाटली." हे ऐकून मी रडले. मुलांसमोर मी आधी कधी रडले नव्हते.

प्रमुख आले, सगळे जमले. गुणवंतराव आत वाकले, बॅटरीचा उजेड सीटखालच्या पट्टीवर धरला. मग चिमट्यानं भोकातून काहीतरी काढून डब्याच्या झाकणात ठेवायला लागले. पिवळे तांदूळ. भिजून फुगलेले, घट्ट दाबले गेलेले. खिळा भोकात उतरलाच नव्हता, तांदळावर टेकून उभा होता. रंजीताच्या हलवण्याला तो टिकला. इंजिनाच्या ओढीला टिकला नाही.

"विमानात कोण खात होतं?" प्रमुख ओरडले. विमानात खाणं म्हणजे आमच्याकडे सरळ घरचा रस्ता.

"मी," रंजीता म्हणाली.

"कच्चे तांदूळ?"

"सवय हाय मले. चघळत राह्यते."

ती खोटं बोलते आहे हे कळायला मला तिच्या तोंडाकडे बघण्याची गरज नव्हती. तिच्या कपाळावर तेच तांदूळ होते. धडपडीत अर्धे पडले, तीन-चार चिकटून राहिले होते, हळदीचे. तिला ते आठवलंच नव्हतं.  मला एकदम समजलं की मी फोनवर असताना काय झालं असेल. टिका फक्त पोरीला नव्हता. माणसाला जे घेऊन जातं त्यालाही टिका लावायचा. बैलाला, नांगराला, नव्या सायकलला. मंगलीबाईनं विमानाला लावला, कुठे, तर जिथे लेक बसणार त्या सीटवर, मूठभर, मनापासून. सीट तेव्हा मागे होती, आणि त्यातले दाणे ओघळून पुढच्या उघड्या भोकात गेले.

मंगलीबाईला सगळं मराठी कळत नसलं तरी लेकीला काढून टाकणार एवढं कळलं. ती झाकणाकडे पाहत होती. मग रंजीताच्या कपाळाकडे. तिचा चेहरा असा काही झाला की मला तिकडे बघवेना. ती पुढे झाली. नखानं लेकीच्या कपाळावरचे दाणे एकेक करून काढले आणि गुणवंतरावांच्या झाकणात ठेवले.

"हे पन तेच हाय," ती म्हणाली. "माहे तांदूळ."

"यायो," रंजीता म्हणाली. आईला ती यायो म्हणते. पुढे गोंडीत काहीतरी बोलली, बहुतेक गप्प बस असं. आई गप्प बसली नाही.

"तिले नका काढू, साहेब. मले काढा."

"तुम्हाला कुठून काढू, बाई?" प्रमुख म्हणाले आणि आपल्याच बोलण्यानं ओशाळले. मंगलीबाई मात्र उत्तराची वाट बघत उभी होती. तिला खरंच वाटत होतं की तिला कुठूनतरी काढतील आणि तेवढ्यावर भागेल.

चौकशी झाली. मला बोलणी बसली, प्रमुखांना बसली, आता कोणीही बाहेरचा माणूस विमानापर्यंत येऊ शकत नाही आणि प्रत्येक भोक झाडून पाहिल्याशिवाय सीट सरकवली जात नाही. रंजीताला ठेवलं. वर तिचं कौतुकही झालं, आणि ते तिला आवडलं नाही. ती कोणाशी त्यावर बोलत नसे. माझी मात्र झोप हराम झाली होती. मूठभर तांदूळ! आम्ही पंखा तपासतो, तेल तपासतो, वारा मोजतो. आईची माया कुठे तपासायची असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. रात्री डोळे मिटले की ती रिकामी खिडकी दिसे.

डिसेंबरात रंजीता पुन्हा एकटी उडायला तयार झाली. मंगलीबाई यायला नाही म्हणाली. रंजीता स्वतः गावी गेली आणि तिला घेऊन आली.

ती कुंपणाच्या बाहेरच थांबली. मी बोलावलं तेव्हा शेडपर्यंत आली. दोन्ही हात पाठीमागे, पदरात गुंडाळलेले. मला वाटलं थंडी वाजते आहे. रंजीता तिच्यापुढे डोकं वाकवून उभी राहिली.

"टिका नको तर नको. नुसता हात ठेव," रंजीता म्हणाली.

"नाई."

"यायो."

"जा तू. मले माह्या हातांची भीती वाटते."

रंजीता थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. वारा फिरण्याआधी निघायला हवं होतं, पण मी तिला घाई केली नाही. शेवटी ती सरळ झाली आणि विमानाकडे गेली. भोकं झाडली. सीट हलवली. विमान गेलं, वळलं, जंगलाच्या कडेनं मोठा फेरा घेतला आणि परत येऊन असं टेकलं की चाकं लागल्याचं आतल्यालाही कळलं नसेल. धावपट्टीवरून जाताना आणि परत येताना खिडकीत वेणी दिसत होती. मधे मी विमान एकदाही नजरेआड होऊ दिलं नाही. मंगलीबाईनं विमानाकडे पाहिलंच नाही. ती खाली मातीकडे बघत होती आणि मी म्हटलं, "आली," तेव्हा तिनं मान वर केली.

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचं, ही आमची वैमानिकांची रीत. गुणवंतरावांनी बादली भरून ठेवली होती. रंजीता उतरून आली, पाणी अंगावर घ्यायला डोळे मिटून उभी राहिली. गुणवंतरावांना वाटलं, हा मान आईचा. त्यांनी बादली मंगलीबाईपुढे धरली.

"टाका, बाई. सगळेच टाकतात."

तिनं हात पाठीमागून काढले. बादली खाली जमिनीवर ठेवली, तिच्यापुढे उकिडवी बसली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तळ चाचपला. कडेनं बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. आम्ही सगळे बघत होतो. पाण्यात काही नाही याची खात्री झाल्यावर तिनं बादली उचलून लेकीच्या हातात दिली.

"तूच घे," ती म्हणाली आणि मागे सरली.

रंजीतानं ती स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.